पिन बसली, चित्र नाही

एचडीएमआय नावाच्या पिनेत एकोणीस बारीक पट्ट्या असतात. एसटीच्या अकलूज आगारातून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला हे ठाऊक असायचं काही कारण नाही. पण मे महिन्यात लेक, जावई आणि नातू पुण्याहून वेळापूरला आले, नातवाच्या पाठपिशवीतून प्लेस्टेशन ३ निघालं, आणि सुट्टीभर मी वाचायचा चष्मा लावून टीव्हीच्या पाठीमागं वाकलेला राहिलो.

आमचा टीव्ही २१ इंची, नळीचा, २००४ साली घेतलेला. उचलायला दोन माणसं लागतात. चित्र मात्र अजून झकास. नातवानं हातातली केबल घेऊन टीव्हीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "आजोबा, याला एचडीएमआय कुठंय?" मी म्हटलं, "असंल मागं कुठंतरी." नव्हतं. असणारही कसं? त्या पिनेचा पहिला आराखडाच डिसेंबर २००२ मध्ये सात कंपन्यांनी मिळून ठरवला. त्यानंतर दोन वर्षांत ती माळशिरस तालुक्यात पोचेल अशी अपेक्षा करणं जास्तच झालं.

जावई सोफ्यावरून म्हणाले, "मामा, आता एक बत्तीस इंची एलईडी घेऊन टाका." हे ते दर दिवाळीला म्हणतात. चालू वस्तू काढून टाकायची आमच्याकडं पद्धत नाही, म्हणून मी विषय केबलवर आणला. केबल मिळाली की झालं, असा माझा समज होता. एक टोक इकडं, एक टोक तिकडं, यात अवघड ते काय!

टीव्हीच्या मागं पिवळं आणि पांढरं अशी दोन भोकं. बाजूला झाकणाखाली तसलीच आणखी एक जोडी. मागच्या जोडीत सेट टॉप बॉक्सच्या पिना कायमच्या बसलेल्या. या पिना आमच्या गावाला नव्या नाहीत. पूर्वी गणपतीत व्हीसीआर भाड्यानं यायचा, त्यासोबत त्या यायच्या आणि त्यासोबतच परत जायच्या. मग सरकारनं केबलचं डिजिटलीकरण केलं, ग्रामीण भागाची शेवटची मुदत ३१ मार्च २०१७ होती, आणि घरोघरी डबा आला. डब्याबरोबर लाल, पिवळी, पांढरी अशी तीन शेपटं आली ती कायमची. पिवळ्यात चित्र, पांढऱ्यात डावा आवाज, लालमध्ये उजवा, हे आमच्या मंडळींनासुद्धा पाठ आहे, कारण धूळ पुसताना पिन निघाली की मालिका बंद पडते.

स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात गेलो. पालखीचा मुक्काम असतो तेव्हा या दुकानापुढं चार्जर घ्यायला वारकऱ्यांची ही गर्दी असते, एरवी निवांत. पोराला म्हटलं, एका बाजूला ही चपटी पिन आणि दुसऱ्या बाजूला तीन रंगाच्या, असली वायर आहे का? त्यानं मागं न बघता खुंटीवरून एक काढून दिली. दीडशे रुपये. एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला लाल-पिवळी-पांढरी. मला जे पाहिजे होतं ते जसंच्या तसं हातात आलं, तेव्हाच खरं तर संशय यायला पाहिजे होता.

घरी आल्यावर चपटी पिन प्लेस्टेशनमध्ये गेली, टक्कन बसली. पिवळी पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात, टीव्हीला लाल भोक नाही म्हणून लाल तशीच लोंबकळत. रिमोटवरचं 'टीव्ही/एव्ही' बटण झिजून गेलंय, ते मंडळींनी अंदाजानं दोनदा दाबून दिलं. पडदा निळा झाला. निळाच राहिला. नातवानं केबल काढून फुंकर मारली, परत बसवली. निळा. सेट टॉप बॉक्सची पिन त्याच बाजूच्या भोकात लावून बघितली, तर बातम्या चालू. म्हणजे भोक चांगलं, टीव्ही चांगला, प्लेस्टेशनचा हिरवा दिवा लागलेला, पिना दोन्हीकडं घट्ट. मग अडतंय कुठं?

दुसऱ्या दिवशी अकलूजला गेलो. तिथं माझ्या ओळखीचा एक जुना टीव्ही मेकॅनिक आहे. दुकानात आता एलईडीचे पडदे भिंतीला टेकवून ठेवलेले असतात, पण माणूस नळीच्या काळातला. वायर दाखवली तर त्यानं ती हातातही घेतली नाही. म्हणाला, "मास्तर, ही केबल नव्हं, ही नुसती दोरी हाय."

मग त्यानं सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. एचडीएमआयमधून चित्र जात नाही, आकडे जातात. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग शून्य आणि एक अशा आकड्यांत मांडलेला असतो. मोठ्या पडद्याच्या १०८० ओळींच्या चित्राला असे ठिपके वीस लाखांच्या वर लागतात, आणि सेकंदाला साठ चित्रं धरली तर चारशे कोटींहून जास्त शून्य-एक त्या तारांतून धावतात. आमच्या नळीच्या टीव्हीला आकडे वाचता येत नाहीत. त्याला लागतो विजेचा चढउतार, जेमतेम एका व्होल्टच्या आतबाहेरचा: दाब चढला की उजेड, उतरला की काळोख. त्या हिशेबानं आतला झोत पडदाभर ओळी ओढत सुटतो, सेकंदाला १५,६२५ ओळी. आता आकड्यांचा चढउतार करायला मधे कुणीतरी बसायला पाहिजे, म्हणजे चिप पाहिजे, आणि चिपला वीज पाहिजे. माझ्या दीडशे रुपयांच्या वायरीत चिप नव्हती. दोन टोकं होती आणि मधे तांबं होतं.

"मग असली बनवतातच कशाला?" मी विचारलं.

"पिना बसत्यात म्हणून माणसं घेत्यात," तो म्हणाला.

याच्यावर मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

त्यानं काचेच्या कपाटातून सिगारेटच्या पाकिटाएवढी पांढरी डबी काढली. एचडीएमआय टू एव्ही कन्व्हर्टर. हिच्यात चिप असते, मोबाईलच्या चार्जरवर चालते. शेजारीच आणखी एक डबी, तीच भोकं, तोच आकार, तोच रंग. मी म्हटलं, दोन्हींत फरक काय? तर दुसरी उलटी निघाली: एव्ही टू एचडीएमआय. जुन्या डबड्याचं चित्र नव्या टीव्हीवर न्यायची. ही घेऊन गेलो असतो तरी सगळ्या पिना बसल्या असत्या, दिवासुद्धा लागला असता, आणि पडदा निळाच राहिला असता. डबीवर कुठल्या भोकाशी 'इनपुट' लिहिलंय ते वाचायचं, एवढीच खूण. बारीक अक्षरात.

शिवाय या डबीचं प्लेस्टेशन ३ शी पटतंच असं नाही, असंही तो म्हणाला. एचडीएमआयमध्ये नक्कल रोखायला कुलूप घातलेलं असतं. समोरच्या यंत्रानं ओळख पटवली नाही तर चित्र पाठवतच नाही. प्लेस्टेशन ४ मध्ये खेळांपुरतं ते कुलूप सेटिंगमधून काढता येतं, ३ मध्ये तशी सोयच नाही.

आता मी पुरता गोंधळलो होतो. तेवढ्यात त्यानं विचारलं, "मागं अजून एक चपटं भोक हाय का, 'एव्ही मल्टी आउट' लिहिलेलं?" नातवाला फोन लावला. होतं. हे ऐकून मेकॅनिक हसायला लागला. ते बारा टाचण्यांचं भोक त्या कंपनीनं पहिल्या प्लेस्टेशनपासून तिसऱ्यापर्यंत तसंच ठेवलं. त्याला लागणारी, पुढं लाल-पिवळी-पांढरी असलेली केबल तर नव्या प्लेस्टेशन ३ च्या खोक्यातच यायची. एचडीएमआयची वेगळी विकत घ्यावी लागायची. म्हणजे मी जिच्यासाठी वणवण करत होतो ती जावयांच्या पुण्याच्या घरी कुठल्यातरी माळ्यावर पडलेली होती. त्यांना फोनवर विचारलं तर म्हणाले, "हां मामा, एक होती खरी. कचऱ्यात गेली असेल."

मेकॅनिककडं प्लेस्टेशन २ च्या काळातल्या केबलींचा गुंता होता. तासावर पैसे घेऊन पोरांना खेळू देणारी दुकानं बंद पडली, त्यांच्याकडून आलेला. त्यातून पहिली जी ओढली तिला पाच पिना. हिरवी, निळी, लाल, पांढरी, आणि पुन्हा लाल. दोन लाल! माझा चेहरा बघून त्यानं ती बाजूला ठेवली. ही कंपोनंटची, म्हणाला. एक लाल चित्राची, एक आवाजाची. चांगली असते, पण तुमच्या टीव्हीला हिची भोकं नाहीत. हिरवी पिन पिवळ्या भोकात घातलीत तर फार तर काळंपांढरं चित्र दिसेल.

हिरव्यातून काळंपांढरं का? हे मी विचारलं नसतं तर त्या दिवशी लवकर घरी गेलो असतो. पण विचारलं ते बरं झालं, कारण सगळ्या भानगडीत मला मनापासून आवडलेली गोष्ट हीच.

अमेरिकेत १९५३ साली रंगीत प्रक्षेपणाची पद्धत ठरली तेव्हा घरोघरी काळेपांढरे संच होते. ते भंगारात काढा असं लोकांना सांगणं शक्य नव्हतं. म्हणून चित्राचे दोन भाग केले. उजेड-अंधाराचा भाग जुन्या संचांना कळेल असा आधी होता तसाच ठेवला, आणि रंगाचा भाग त्याच्याच अंगावर वेगळ्या कंपनानं चढवला. जुना संच रंगाकडं दुर्लक्ष करतो, नवा तो सोडवून घेतो. युरोपात वॉल्टर ब्रुख नावाच्या जर्मन इंजिनिअरनं यातच सुधारणा करून पाल पद्धत काढली, आणि आपण तीच घेतली. १९८२ च्या नोव्हेंबरात दिल्लीत एशियाड झालं तेव्हा दूरदर्शन नुकतं रंगीत झालेलं होतं, आणि तरीही ज्यांच्याकडं काळापांढरा संच होता त्यांनासुद्धा तेच सामने दिसले, ते याच्यामुळं.

पिवळ्या पिनेत हे दोन्ही भाग एकाच तारेत असतात. आमच्या गावच्या यादवकालीन देवळातला अर्धनारी नटेश्वर मी लहानपणापासून बघत आलोय. एका अंगात दोघं राहिल्याचं मला नवल वाटायला नको. पण तारेतल्या दोघांचं तितकंसं जमत नाही. टीव्हीला ती परत वेगळी करताना थोडीफार गफलत होते, म्हणून लाल अक्षरांच्या कडा पसरतात, बारीक रेघांच्या शर्टावर इंद्रधनुष्य वळवळतं. एस-व्हिडिओ नावाच्या चार टाचण्यांच्या गोल पिनेत उजेड आणि रंग वेगळ्या तारांतून येतात, चित्र जास्त स्वच्छ. पाच पिनांच्या कंपोनंटमध्ये रंगाचेही दोन भाग केलेले असतात, आणखी स्वच्छ. हिरव्यात नुसता उजेड-अंधार, म्हणून ती एकटी लावली की काळंपांढरं. युरोपात स्कार्ट नावाचा एकवीस टाचण्यांचा भलाथोरला प्लग असायचा, त्यातून लाल, हिरवा, निळा हे तीन मूळ रंगच सुटे यायचे. तो आपल्याकडं रुजला नाही. आमच्या टीव्हीला यातलं काहीच नाही. पिवळं भोक, एवढीच त्याची ऐपत. तिढा सुटला तो तिथं. केबल निवडायला गेलेल्या माणसाला निवड अशी नव्हतीच. टीव्हीला काय कळतं ते आधी बघायचं, मग डबा ते देऊ शकतो का ते बघायचं, आणि देत नसेल तर मधे चिप लागणार.

मेकॅनिकनं पिवळ्या पिनेची जुनी केबल पुसून दिली, पैसे घेतले नाहीत. "येताना भरपूर फुकट बसलोय मास्तर तुमच्या गाडीत," म्हणाला. हे खोटं आहे. माझ्या गाडीत फुकट कोणी बसलेलं नाही.

घरी केबल लावली. पडदा निळा.

पण आता मी तयारीचा होतो. हे प्लेस्टेशन पुण्यात एचडीएमआयवर लावलेलं, त्यामुळं ते अजून त्याच पिनेतून चित्र सोडत होतं. नव्या केबलीत काही येतच नव्हतं. उपाय मेकॅनिकनं सांगून ठेवला होता: बंद करायचं, मग चालू करायचं बटण दाबून धरायचं, बीप वाजली तरी सोडायचं नाही, पुन्हा बीप वाजेपर्यंत. नातवानं ते केलं. निळ्या पडद्याला झटका बसला आणि चित्र आलं.

काळंपांढरं. वर आणि थरथरतं.

"आजोबा, तुम्ही हिरवी पिन आणली का?" नातवानं विचारलं. केबल उचलून बघितली, पिवळीच होती. जावई तेव्हा उठले आणि म्हणाले, हे त्यांनी अमेरिकेत ऑनसाइट असताना घेतलंय. तिथली वीज ६० आवर्तनांची, टीव्हीचं चित्रही सेकंदाला साठ वेळा अर्धंअर्धं काढलेलं, एकूण ५२५ ओळी. आपल्याकडं पन्नास आणि ६२५. रंगाचं कंपनही वेगळं. आमच्या टीव्हीच्या मेनूत शिरलो, तिथं 'सिस्टीम' पुढं 'पाल' असं ठोकून बसवलेलं होतं. 'ऑटो' केल्याबरोबर थरथर थांबली आणि रंग आले. लाल मोटार एकदम लाल झाली. मंडळी स्वयंपाकघरातून बघायला आल्या आणि म्हणाल्या, "एवढ्यासाठी चालवलं होतं व्हय?"

चित्र आलं पण अक्षरं वाचता येईनात. मोटारींची शर्यत होती. वेग, राहिलेल्या फेऱ्या, सगळं कोपऱ्यात मुंगीएवढ्या आकड्यांत. खेळ लिहिणाऱ्यांनी मोठे पडदे समोर ठेवून अक्षरं घातलेली, आणि आमच्याकडं दिसणाऱ्या ओळी ४८०. ही जुनीच तक्रार आहे म्हणे. २००६ साली 'डेड रायझिंग' नावाचा खेळ आला तेव्हा नळीचे टीव्ही असलेली अमेरिकेतली माणसंही अशीच ओरडली होती. त्यात नळीचा टीव्ही कडेचं थोडं चित्र चौकटीखाली खातो, म्हणून फेऱ्यांचा आकडा अर्धाच दिसायचा. सेटिंगमध्ये १६:९ चं ४:३ केलं, थोडं निभावलं. बाकी नातू अंदाजानं चालवायचा.

नळीची एक गोष्ट मात्र जावयांनीही मान्य केली. बटण दाबल्यावर मोटार लगेच वळते. नवे पडदे आलेलं चित्र आधी साठवतात, त्यावर प्रक्रिया करतात, मग दाखवतात. त्यात क्षणाचा काही भाग जातो. नळी काही साठवत नाही, येईल तसं ओढते. म्हणून 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' या २००१ च्या खेळाच्या स्पर्धांना परदेशात अजून नळीचे टीव्ही हुडकून आणतात. हे ऐकल्यापासून मी एलईडीचा विषय काढू दिलेला नाही.

मग मला माळ्यावरच्या खोक्याची आठवण झाली. लेक लहान असताना घेतलेला टीव्ही गेम. कॅसेटवर ९,९९९ खेळ लिहिलेले, प्रत्यक्षात तेच ते फिरून फिरून. सोबत प्लॅस्टिकची बंदूक. दोन पिना, पिवळी आणि पांढरी. बाजूच्या भोकात घातल्या आणि चित्र आलं. बीप नाही, सेटिंग नाही. बदकं उडायला लागली. लेक पदर खोचून पुढं बसली आणि पहिल्याच गोळीला बदक पाडलं. नातू बंदूक उलटसुलट करून बघत होता, की हिच्यातून जातं तरी काय. काहीच जात नाही. तिच्यात उलट येतं. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला तो दिसला तर बदक मेलं. हे सगळं नळीच्या झोताच्या वेळेवर बेतलेलं असतं.

जायच्या दिवशी नातवानं बंदूक आणि डबा पाठपिशवीत भरला. मी म्हटलं, "ने, पण पुण्याच्या टीव्हीवर बदकं मरायची नाहीत. तो चित्र उशिरा दाखवतो."

"पण पिवळं भोक आहे त्याला. बाबांनी दाखवलं."

"पिन बसंल. बदक मरायचं नाही."

त्यानं थोडा विचार केला. "मग हा टीव्हीच नेऊ."

"एसटीनं?" मी म्हटलं. "लगेज काढावं लागंल."

"फुल की हाफ?" त्यानं विचारलं, आणि जावई गाडीची डिकी उघडून आत किती जागा आहे ते बघायला लागले.